पायी माग (हरीण व नीलगाय, मुनिरका, दिल्ली)

हरणाचा पायी माग काढत त्याच्याजवळ पोचण्याची पद्धत. उत्तर अमेरिकेत पांढऱ्या शेपटीच्या हरणाची (ओडोकॉयलियस व्हर्जिनिआनस) अशी शिकार आजही परवान्याने होते. भारतात ही विद्या आता प्रामुख्याने निरीक्षणासाठीच वापरता येते.

वेळ थोडा असला की नवखा भराभर चालतो आणि तिथेच फसतो. माणूस दिसण्याआधी हरणाला त्याचा वास लागतो, म्हणून वारा तोंडावर घेऊन निघावे. दोन-चार पावले टाकावीत आणि चालण्यापेक्षा जास्त वेळ उभे राहावे. अख्खे हरीण क्वचितच आधी दिसते. उभ्या खोडांमध्ये पाठीची आडवी रेघ किंवा हलणारा कान शोधावा. हाताशी तासभरच असेल तर सगळे रान पालथे घालू नये. पहाटे किंवा दिवस मावळताना, चरण्याची जागा आणि बसण्याची झाडी यांमधली एकच वाट धरावी.

आपल्याकडे हे कसब पारध्यांचे. फासेपारधी जनावराच्या वाटेवर फास मांडत, तर गायके पारधी बैलाच्या आडून सावजाजवळ सरकत. इंग्रजी अमलात ‘गुन्हेगार जमात’ ठरवलेल्या या समाजाचे ज्ञान फार थोडे नोंदले गेले, ही मोठी हानी आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात फास लावणे, आमिष दाखवणे, मारण्याचा नुसता प्रयत्न करणे हीदेखील शिकारच मानली जाते.

शिकार दिल्लीलाही नवी नाही. तिथल्या रिज या खडकाळ, झाडीच्या टेकड्यांवर फिरोजशाह तुघलक (राज्यकाल १३५१–१३८८) शिकार करी. मालचा महाल ही त्याचीच शिकारगाह. रिजच्या दक्षिण भागालगत, आऊटर रिंग रोडवर मुनिरका हे जुने गाव आहे, आता दाट वस्तीचे. जवळच हौज खासच्या डिअर पार्कात चितळ आहेत, पण कुंपणात. तिथे माग शिकता येत नाही. तो शिकावा मुनिरक्याशेजारच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाच्या खडकाळ आवारात, मोकळ्या फिरणाऱ्या नीलगायींवर. नीलगाय हरीण नव्हे, गाईबैलांच्या कुळातील प्राणी. नर निळसर करडा, मादी पिंगट. नीलगाय पुन्हा पुन्हा एकाच ठिकाणी लेंड्या टाकते. ढिगावरच्या लेंड्या ओलसर, काळपट असतील तर जनावर नुकतेच येऊन गेले आहे. वाळून फिकट पडल्या असतील तर दुसरा ढीग पाहावा. खायला मात्र काही घालू नये : माणसाच्या हाताला सरावलेली नीलगाय रस्त्यावर येते आणि गाडीखाली सापडते.