बिघाडाची तारीख

लिनक्स टाकताना मशीन अडलं, की बेळगावकडच्या कॉलेजातला जाणता लॅब-इन्स्ट्रक्टर आधी पडद्याकडे बघतो आणि मग विचारतो, ‘‘लॅपटॉप कुठल्या साली घेतलायस रे?’’ कंपनीचं नाव नंतर, साल आधी. त्याचं बरोबरच आहे. या कामातला जवळजवळ प्रत्येक बिघाड आपली जन्मतारीख घेऊन येतो. एखादी खोड १९९० च्या दशकातल्या हार्ड डिस्कची असते, एखादी २०१२ सालच्या नियमाची. साल कळलं की निम्मं निदान झालं.

अशी निदानं करणारी माणसं बेळगाव-निपाणी पट्ट्यात तयार झाली ती हौसेने कमी आणि परीक्षेच्या धाकाने जास्त. गोगटे इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी उद्यमबागेत १९७९ पासून उभी आहे. केएलईचं अभियांत्रिकी महाविद्यालयही त्याच काळातलं. पण चित्र खरं पालटलं ते १९९८ साली. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ, म्हणजे सगळ्यांच्या तोंडचं ‘व्हीटीयू’, स्थापन झालं आणि त्याचं मुख्यालय बंगळुरात न जाता खानापूर रस्त्यावर मच्छे इथे आलं. राज्यभरच्या अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम इथून निघू लागला, आणि त्या अभ्यासक्रमात युनिक्स होतं, शेल प्रोग्रॅमिंग होतं, सिस्टिम सॉफ्टवेअरच्या लॅबमध्ये लेक्स आणि याक होतं. खऱ्या युनिक्सचा परवाना आणि त्याचं यंत्र परवडणारी कॉलेजं थोडी. बाकीच्यांनी साध्या पीसीवर फुकटातलं लिनक्स टाकलं. निपाणीची मुलं कोल्हापूर-इचलकरंजीकडे गेली तर शिवाजी विद्यापीठाचा अभ्यासक्रम, बेळगावकडे आली तर व्हीटीयूचा. लिनक्स दोन्हीकडे भेटायचंच.

ते आलं मात्र विद्यापीठाच्याही आधी, आणि चक्क मासिकाला चिकटून. हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्सने १९९१ साली लिनक्स जाहीर केलं तेव्हा आपल्याकडे सर्वसामान्यांना इंटरनेटच नव्हतं; ते महानगरांत १९९५ च्या ऑगस्टमध्ये सुरू झालं. डायल-अपवर सीडीभर माल उतरवणं ही कल्पनाच वेडगळ. १९९६ साली ‘पीसीक्वेस्ट’ मासिकाने अंकासोबत लिनक्सची सीडी वाटली आणि हा प्रश्न एका फटक्यात सुटला. त्या उपक्रमामागचे सूत्रधार होते अतुल चिटणीस. जन्म १९६२ चा, बर्लिनमधला, शिक्षण बेळगावात. १९८९ मध्ये त्यांनी ‘सीआयएक्स’ नावाचं बुलेटिन बोर्ड चालवायला घेतलं होतं, म्हणजे टेलिफोनच्या तारेवरून निरोप आणि फायलींची देवघेव. पुढे बंगळुरात २००१ पासून ‘लिनक्स बंगलोर’ ही परिषद त्यांनी भरवली. तीच नंतर ‘फॉस डॉट इन’ झाली. २०१३ मध्ये ते गेले. भारतात लिनक्स घरोघरी पोहोचवणाऱ्यांत त्यांचं नाव पहिल्या ओळीत घ्यावं लागतं. बेळगावात मात्र ते फारसं कानावर पडत नाही, याचं नवल वाटतं.

त्या सीडीवरचं लिनक्स मशीनवर चढवणं हा वेगळाच खेळ होता. तेव्हाच्या कित्येक पीसींना सीडीवरून सुरू होणं माहीत नव्हतं. मग आधी विंडोजमध्ये बसून ‘रॉराइट’ने बूट फ्लॉपी करायची, तिच्यावरून मशीन उठवायचं आणि त्यानंतर सीडी. फ्लॉपीवर एक खराब सेक्टर निघाला की पुन्हा पहिल्यापासून. सगळं सुरळीत पार पडलं, मशीन रीस्टार्ट केलं, की काळ्या पडद्यावर दोन अक्षरं उमटायची: ‘एल’ आणि ‘आय’. पुढे काहीच नाही.

‘‘बघ की, नुसतं एल-आय म्हणतंय आन गप्प बसलंय!’’

हा ‘लिलो’ नावाच्या बूट लोडरचा प्रताप. लिलो आपलं चार अक्षरी नाव एकेक अक्षर करून पडद्यावर टाकायचं आणि प्रत्येक अक्षर म्हणजे एक टप्पा पार झाल्याची पावती. पहिला ‘एल’ आला म्हणजे पहिला टप्पा स्मृतीत आला. ‘आय’वर अडलं म्हणजे दुसरा टप्पा सापडला, पण तो चालेना. चारही अक्षरं आली तर मशीन उठलं. कारण बहुधा डिस्कच्या मोजमापात असायचं: लिलो एका हिशेबाने चालायचं, बायोस दुसऱ्या. जुन्या बायोसला १०२४ सिलिंडरपलीकडचं, म्हणजे साधारण ८ जीबीच्या पुढचं, दिसतच नसे. तोवर बाजारात त्याहून मोठ्या डिस्क आल्या होत्या. डिस्कचा सुरुवातीचा भाग विंडोजला देऊन लिनक्स शेपटाला टाकणाऱ्याची हमखास फजिती व्हायची. उपाय साधा होता: डिस्कच्या अगदी सुरुवातीला काही एमबींचं छोटं ‘बूट’ पार्टिशन करून कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, तिथे ठेवायचा. ज्याला तो ठाऊक, त्याला होस्टेलच्या खोल्याखोल्यांतून बोलावणं. आजच्या गुळगुळीत चूक-संदेशांपेक्षा ती दोन मुकी अक्षरं कितीतरी प्रामाणिक होती. निदान गाडी कुठवर आली ते तरी सांगायची.

पुढची पायरी पडद्याची. चित्रमय रूप हवं असेल तर मॉनिटरची आडवी-उभी फ्रीक्वेन्सी विचारली जायची. असेंबल्ड पीसीच्या मॉनिटरचं माहितीपत्रक कुणाकडे असणार? अंदाजाने आकडे भरायचे. मोडेमची तऱ्हा त्याहून वाईट. स्वस्तातले आतले मोडेम आपलं निम्मं काम विंडोजकडून करून घ्यायचे, त्यामुळे लिनक्सखाली ते निव्वळ पत्र्याचे तुकडे.

२००३ च्या सुमाराला रेड हॅट ९ आलं, तीन सीड्यांचं. तोवर लॅबमधल्या मशीनना सीडीवरून सुरू होता येत होतं, तर अडचण सीडीवरच आली. एकाकडची सीडी दुसऱ्याने कॉपी करायची, त्याच्याकडची तिसऱ्याने, आणि दुसऱ्या सीडीवरच्या ओरखड्यावर इन्स्टॉलेशन नेमकं रुतायचं. इन्स्टॉलर सुरुवातीलाच सीडी तपासून घेऊ का म्हणून विचारायचा. घाईत सगळे ‘स्किप’ दाबायचे. मग सीडीवर टूथपेस्ट चोळण्याचे प्रयोग. २००५ पासून उबुंटूची मूळ छापील सीडी फुकटात घरपोच मिळू लागली. ‘शिपइट’ नावाची ती योजना २०११ पर्यंत चालली. अर्जात पत्ता निपाणीचा घाला की लंडनचा, टपालखर्च शून्य. एका सीडीत अख्खी प्रणाली, आणि आधी चालवून बघायची, पसंत पडली तरच टाकायची ही सोय. तिच्यामुळे बिघाडाची भीती बरीच ओसरली.

पण सीमाभागातल्या एका पिढीच्या लक्षात राहिलं आहे ते फेडोरा १२. फेडोराची ही आवृत्ती २००९ च्या नोव्हेंबरात निघाली आणि वर्षा-दोन वर्षांत कालबाह्यही झाली. तरी व्हीटीयूच्या कॉलेजांत तिचं आयुष्य बरंच लांबलं. कारण सातव्या सेमिस्टरची नेटवर्क्स लॅब. संगणकांच्या जाळ्याचं सिम्युलेशन करून दाखवा, त्यासाठी योग्य ते सॉफ्टवेअर वापरा, असं अभ्यासक्रम म्हणायचा. पुष्कळ कॉलेजांनी निवडलं ‘एनसीटीयूएनएस’. तैवानच्या नॅशनल च्याओ तुंग विद्यापीठात घडलेलं हे सॉफ्टवेअर आपला दुरुस्त केलेला कर्नल घेऊन यायचं, आणि त्याची सहावी आवृत्ती फेडोरा १२ वरच बसायची. नव्या फेडोरावर नाही, उबुंटूवर नाही.

लॅबमध्ये ते कुणीतरी बसवून ठेवलेलं असे. घरच्या लॅपटॉपवर सराव करायचा म्हटलं की खरी परीक्षा तिथेच सुरू. इन्स्टॉल झाल्यावर ग्रब या बूट लोडरच्या यादीतून नेमका एनसीटीयूएनएसचा कर्नल निवडायचा. सवयीने वरचा निवडला की काही चालायचं नाही. एसईलिनक्सचा पहारा बंद करायचा. सगळं रूट, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्ता, म्हणून चालवायचं, पण फेडोरा तर रूटला चित्रमय पडद्यावर आत घ्यायलाच तयार नसे. मग लॉगिनच्या नियमांची फाइल उघडायची, रूटला अडवणारी ओळ शोधायची, तिच्यापुढे हॅशचं चिन्ह टाकून ती मुकी करायची. ही एवढीशी कृती सिनियरकडून ज्युनियरकडे वहीच्या मागच्या पानावरून जायची. लॅपटॉपचं वायफाय मात्र जुन्या कर्नलला ओळखू येत नसे, त्याला इलाज नव्हता. प्रात्यक्षिक परीक्षेला चिठ्ठी उचलायची, तिच्यावर येईल तो प्रोग्रॅम करून दाखवायचा. कर्नल निवडण्यात पाच मिनिटं गेली तर ती गेलीच. सुरक्षिततेच्या दृष्टीने हा सगळा प्रकार म्हणजे घराची कुलपं काढून उंबऱ्यावर ठेवण्यातला होता. पण बूट लोडर, कर्नल आणि परवानग्या या तीन गोष्टी त्याने जितक्या पक्क्या केल्या, तितक्या कुठल्या पुस्तकाने केल्या असतील असं वाटत नाही.

तोवर सीडी ड्राइव्ह लॅपटॉपमधून हद्दपार होत आलेच होते. पेनड्राइव्ह बाजारात आले २००० साली. पण त्यांच्यावरून मशीन उठवणं सर्रास झालं ते युनेटबूटिन आणि २०११ साली आलेल्या रूफसमुळे. पहिल्या दिवसाची चूक तेव्हाही तीच होती, आजही तीच आहे: उतरवलेली आयएसओ फाइल पेनड्राइव्हवर नुसती कॉपी करून टाकायची आणि मशीन का उठत नाही म्हणून कपाळाला हात लावायचा. फाइल ठेवून भागत नाही. तिच्यातली रचना पेनड्राइव्हवर उलगडून लिहावी लागते. दुसरी चूक स्वस्ताईची. ३२ जीबी म्हणून घेतलेल्या बनावट पेनड्राइव्हमध्ये आत ८ जीबीचीच चिप असते. लिहिताना तक्रार नाही, वाचताना मध्येच फाइल गायब. अशा वेळी लिनक्सला बोल लावला जातो.

सगळ्यात मोठी उलथापालथ २०१२ च्या ऑक्टोबरात झाली. विंडोज ८ बरोबर ‘सिक्युअर बूट’ आलं. बायोसची गादी यूईएफआयने घेतली आणि मायक्रोसॉफ्टची सही नसलेला बूट लोडर मशीन दारातच अडवू लागलं. लिनक्सवाल्यांनी ‘शिम’ नावाचा छोटा दुवा मायक्रोसॉफ्टकडूनच सही करून घेतला आणि वाट काढली. पण नव्या खोडी मागे लागल्याच. इन्स्टॉल करताना वायफाय किंवा एनव्हिडियाचा बाहेरचा ड्रायव्हर मागितला की एक पासवर्ड ठरवायला सांगतात. रीस्टार्ट झाल्यावर निळा पडदा येतो आणि तो पासवर्ड विचारून ड्रायव्हरची किल्ली नोंदवून घेतो. निळा पडदा दिसताच दचकून ‘कंटिन्यू’ दाबणारे निम्मे. मग वायफाय नाही. आणि वायफाय दुरुस्त करायचं तर इंटरनेट हवं. हा पेच मोबाइल केबलने जोडून, त्याचं इंटरनेट लॅपटॉपला देऊन सुटतो.

अलीकडच्या काही लॅपटॉपांत इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही. कारण इंटेलचं ‘आरएसटी’, म्हणजे डिस्क हाताळण्याची त्यांची स्वतःची पद्धत. फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये जाऊन ते एएचसीआय करायचं. मात्र थेट केलं तर विंडोज उठत नाही. आधी विंडोजला सेफ मोडमध्ये सुरू व्हायला सांगून, मग बदल करून, पुन्हा नेहमीच्या मोडवर आणावं लागतं. त्याआधी बिटलॉकरची रिकव्हरी की कागदावर लिहून घ्यायची. ती हाताशी नसेल तर विंडोजकडचा डेटा कुलूपबंद. लोगोनंतर पडदा काळाच राहिला तर ग्रबच्या ओळीत ‘नोमोडसेट’ जोडायचं, हा आता सगळ्यांना पाठ झालेला मंत्र.

भाषेचा प्रश्न मात्र या भागात अनपेक्षितपणे सोपा निघाला. इन्स्टॉलर देश विचारतो, भाषा विचारतो, वेळेसाठी कोलकाता दाखवतो. राज्य विचारत नाही. हा भाग महाराष्ट्राचा की कर्नाटकाचा, या ज्या प्रश्नावर १९५६ पासून मोर्चे निघाले आणि २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात दावा चालू आहे, तो तिथे उपस्थितच होत नाही. आणि इनस्क्रिप्ट कीबोर्ड मुळात सगळ्या भारतीय लिप्यांसाठी एकाच आराखड्यावर बेतलेला असल्याने मराठीचा ‘क’ आणि कन्नडचा ‘क’ एकाच कळीवर येतात, ‘ळ’सुद्धा. एक लेआउट बोटांत बसला की दुसरा आपोआप बसतो. बेळगावातल्या डीटीपीवाल्याला याचा फायदा पुण्या-बंगळुरातल्या माणसापेक्षा जास्त.

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ च्या अटींत न बसणारे लॅपटॉप आता निपाणी-बेळगावातल्या घरांतून पेनड्राइव्हकडे वळत आहेत आणि जुने बिघाड नव्याने भेटत आहेत. त्यांतले अगदी म्हातारे ३२ बिटचे. उबुंटूने त्यांच्यासाठी डेस्कटॉपची आयएसओ काढणं २०१७ मध्येच थांबवलं. पुढच्या बिघाडाची तारीख तर आधीच छापलेली आहे. लिनक्सच्या ‘शिम’वर ज्या प्रमाणपत्राची सही असते ते मायक्रोसॉफ्टचं २०११ सालचं, त्याची मुदत जून २०२६ ची. आधी टाकलेलं लिनक्स त्यामुळे बंद पडत नाही. पण त्यानंतरचे शिम २०२३ च्या किल्लीने सही केलेले असतील, आणि ज्या लॅपटॉपच्या फर्मवेअरमध्ये ती किल्ली नाही, तो नवा पेनड्राइव्ह दारातून परत पाठवेल. मुख्य उपाय दोन: फर्मवेअर अपडेट करायचं, किंवा सिक्युअर बूट बंद करून टाकायचं. पहिल्यासाठी कंपनीने अपडेट काढलेलं असावं लागतं. म्हणजे ‘लॅपटॉप कुठल्या साली घेतलायस’ हा प्रश्न यापुढेही आधीच विचारावा लागणार.