ब्लड कॅन्सरचं निदान झालं, आता पुढे काय? पहिल्या महिन्यात लक्षात ठेवायच्या गोष्टी

रिपोर्टवर 'अक्यूट ल्युकेमिया' लिहिलेलं असतं आणि डॉक्टर सांगतात, "लगेच मोठ्या दवाखान्यात जा." वाशिम, रिसोड किंवा मानोऱ्यातल्या कुटुंबासाठी याचा अर्थ बहुतेक वेळा नागपूर नाहीतर मुंबई. सोयाबीन शेतात उभं, मुलांची शाळा सुरू. अशा वेळी काय करायचं?

एवढी घाई का?

ल्युकेमियात अस्थिमज्जेत, म्हणजे हाडांमधल्या मगजात, कच्च्या पांढऱ्या पेशी भराभर वाढतात आणि चांगल्या पेशींना जागा उरत नाही. त्यामुळे थकवा, ताप, हिरड्यांतून रक्त येणं सुरू होतं. अक्यूट प्रकारात सहसा काही दिवसांतच उपचार सुरू करावे लागतात. याउलट क्रॉनिक मायलॉइड प्रकारात बहुतेकांचा उपचार गोळ्यांवर चालतो. म्हणून डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारा: प्रकार नेमका कोणता?

दवाखान्यात किती दिवस?

अक्यूट मायलॉइड ल्युकेमियात अनेकांना '७+३' केमोथेरपी देतात: एक औषध सात दिवस, दुसरं तीन दिवस. औषधं आठवड्यात संपतात, पण मुक्काम साधारण तीन ते चार आठवड्यांचा होतो. कारण चांगल्या पेशीही घटतात आणि त्या पुन्हा तयार व्हायला वेळ लागतो. अक्यूट लिम्फोब्लास्टिक प्रकारात उपचार दोन ते तीन वर्षं चालतात, पण तो सगळा काळ भरती राहावं लागत नाही.

पुढे मूल हवं असेल, तर केमो सुरू होण्याआधीच डॉक्टरांशी बोला.

ताप आला तर?

केमोनंतर १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप आला, तर घरी गोळी देऊन सकाळची वाट पाहू नका. रात्र असली तरी दवाखाना गाठा.

भेटायला जायचं का?

आपल्याकडे आजारी माणसाला भेटायला अख्खी भावकी जाते. या काळात मात्र साधी सर्दीही रुग्णाला महागात पडू शकते. त्यापेक्षा प्लेटलेट द्या. त्या साधारण पाचच दिवस टिकतात, त्यामुळे दाते पुन्हा पुन्हा लागतात. गावात राहणाऱ्यांनी शेत आणि मुलं सांभाळली, तरी मोठा आधार होतो.

पैसे आणि प्रवास

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. रेशन कार्ड आणि आधार सोबत ठेवा, योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा. उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सर रुग्णाला रेल्वेच्या स्लीपर आणि थर्ड एसीत तिकीट माफ असतं, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सवलत मिळते. त्यासाठी रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं. मुंबईत दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत कॅन्सर रुग्णांची आणि नातेवाइकांची राहण्याची सोय होते.

रुग्णाला सांगायचं का?

अनेक घरांत आजाराचं नाव लपवतात. पण केस गळतात, तोंड येतं, शेजारच्या खाटेवरचं सगळं दिसतं. खरं कळलेला माणूस प्रश्न विचारू शकतो, त्रास वेळेवर सांगू शकतो. सगळं एकदम सांगायची गरज नाही. त्याला किती ऐकायचंय ते विचारा, आणि कसं सांगायचं यासाठी डॉक्टरांची किंवा समुपदेशकाची मदत घ्या.