माकडताप: सगळे वर बघत होते, गोचीड खाली होती

आजचा विषय आहे गोचीड. हो, तीच. कुत्र्याच्या कानामागे चिकटून टम्म फुगलेली. आपल्याला ती फार तर किळसवाणी वाटते. पण सिंधुदुर्गात, गोव्याच्या सत्तरीत आणि कर्नाटकात तिच्या चाव्याने माणसं दगावली आहेत. आणि हा आजार ओळखला गेला तो आपल्या पुण्यातल्या प्रयोगशाळेमुळे. म्हणून म्हटलं, गोष्ट नीट सांगूया.

साल १९५७. तेव्हाच्या म्हैसूर राज्यातला शिमोगा जिल्हा, सोरब तालुका. तिथे क्यासनूर नावाचं जंगल आहे. उन्हाळ्याच्या तोंडावर त्या जंगलात माकडं मरून पडायला लागली. काळतोंडे वानर आणि साधी माकडं, दोन्ही. मागोमाग आसपासच्या गावांत माणसं तापाने फणफणली. डोकं फुटेल असं दुखणं, अंग मोडून येणं, काहींच्या नाकातोंडातून रक्त.

पुण्यात १९५२ साली रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीने व्हायरस रिसर्च सेंटर सुरू झालं होतं. कोव्हिडच्या काळात जिचं नाव रोज बातम्यांत यायचं ती एनआयव्ही म्हणजे हीच संस्था. तेव्हा तिचे संचालक होते टेलफर्ड वर्क. माकडं मरतायत हे कळल्यावर या मंडळींच्या पोटात गोळा आला, आणि त्याला कारण होतं. दक्षिण अमेरिकेत जंगलातली माकडं मरायला लागली की लोक ओळखतात, यलो फिव्हर आला. तो पसरवणारा डास भारतात घरोघरी आहे, पण यलो फिव्हर इथे कधीच आलेला नाही. तो आला असता तर काय झालं असतं, कल्पना करा.

नमुने तपासले. यलो फिव्हर नव्हता. मेलेल्या माकडांत आणि आजारी माणसांत सापडलेला विषाणू निघाला रशियातल्या थंड जंगलांमधल्या एका मेंदूज्वराच्या विषाणूचा भाऊबंद. तो रशियन आजार गोचिडीमुळे होतो. शिमोग्यातल्या गोचिडी गोळा केल्या, तर त्यांच्यातही नवा विषाणू सापडला. जंगलाच्या नावावरून आजाराचं नाव पडलं क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, केएफडी. कन्नडमध्ये लोक म्हणाले मंगन कायिले, म्हणजे माकडाचा आजार. आपण म्हणतो माकडताप. मला हे नाव जरा अन्यायाचंच वाटतं, कारण माकड बिचारं आपल्यासारखंच पेशंट आहे.

आता प्रश्न पडला, रशियाचा नातेवाईक शिमोग्यात आला कसा? उत्तर सोपं वाटलं. सैबेरियातून दर हिवाळ्यात पक्षी येतात, त्यांच्या अंगावरून गोचिडी आल्या असतील. मग पक्ष्यांच्या पायात कड्या घालून त्यांचा प्रवास तपासण्याचं मोठं काम सुरू झालं. सालिम अली आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी त्यात होते. पैसे आधी जागतिक आरोग्य संघटनेचे, नंतर अमेरिकी लष्कराच्या एका प्रकल्पाचे. मग काय, संशय आलाच! परदेशी लष्कर आपल्या पक्ष्यांवर आणि विषाणूंवर पैसे का खर्च करतंय? जैविक अस्त्रांसाठी तर नाही ना? १९७५ च्या सुमारास प्रकरण संसदेच्या लोकलेखा समितीपर्यंत गेलं. गंमत म्हणजे, पक्ष्यांनी हा विषाणू आणला याचा ठोस पुरावा काही मिळाला नाही.

या सगळ्यात मला आवडलेला माणूस वेगळाच आहे. होर्हे बोशेल, कोलंबियाचा. तिथल्या जंगलात लाकूडतोडे झाड पाडतात तेव्हा शेंड्यावरचे निळे डास खाली येऊन त्यांना चावतात, आणि त्यातून यलो फिव्हर होतो, हे त्याने पाहिलं होतं. तो पुण्याच्या संस्थेत कामाला आला आणि शिमोग्यात त्याने आभाळाऐवजी जमिनीकडे पाहिलं. १९६९ साली त्याने मांडलं ते साधारण असं: विषाणू इथे आधीपासून असावा. वस्ती वाढली, जंगल तुटलं, तिथे झुडपं माजली आणि गुरं चरायला लागली. मोठ्या गोचिडीला भरपूर रक्त लागतं, ते गुरांनी पुरवलं. पोट भरलं की ती गळून पडते आणि हजारोंनी अंडी घालते. गुरांना हा आजार होत नाही, पण गोचिडींची संख्या त्यांच्यामुळे फुगते.

माणसाला बहुतेक वेळा चावते ती मोठी गोचीड नाहीच. चावतं तिचं अर्धवट वाढलेलं पिल्लू, तिळाएवढं. ते साधारण डिसेंबर ते मे या काळात पाचोळ्यात असतं. आता कोकणातल्या मंडळींनी कान टवकारा. या महिन्यांत आपल्याकडे काय चालू असतं? काजू. वाकून, बसून, पाचोळा चाळून बी वेचायची. शिवाय गोठ्यासाठी आणि भाजावळीसाठी पातेरा डोक्यावरून घरी आणायचा.

आजार कित्येक वर्षं शिमोग्याच्या आसपासच होता. १९८२-८३ मध्ये दक्षिण कन्नडच्या बेळतंगडीकडे मोठी साथ आली, तीही काजू लावायला जंगल तोडलं त्या भागात. २०१५ साली सत्तरीतल्या पाली गावात रुग्ण सापडले आणि २०१६ साली आमच्या सिंधुदुर्गात, दोडामार्ग तालुक्यात. म्हणजे बोशेलचा लेख येऊन ४५ वर्षं उलटल्यावर.

मग करायचं काय? यावर खास औषध नाही. वर्षानुवर्षं दिली जाणारी लस पुरेशी परिणामकारक नाही म्हणून थांबवली आणि नवीन लसीवर काम चालू आहे. तोवर आपलं शरीर आणि आपलं अंगण आपणच सांभाळायचं. बागेत जाताना पूर्ण बाह्या, पँटचे पाय मोज्यात खोचलेले, आणि आरोग्य केंद्रात मिळणारं गोचीड-प्रतिबंधक तेल उघड्या अंगाला. घरी आल्याबरोबर कपडे गरम पाण्यात, स्वतः साबणाने आंघोळ, आणि काखा, गुडघ्यामागची जागा, लहान मुलांचे केस नीट बघायचे. चिकटलेली दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. काडी लावणं, रॉकेल ओतणं, नखाने चिरडणं नको. पातेऱ्याचा ढीग ओटीपासून लांब ठेवा. कुत्र्याला आणि गुरांना गोचिडीचं औषध पशुवैद्यकाला विचारून वेळेवर द्या, कारण रानातल्या गोचिडी घरात आणतात ते हेच.

मेलेलं माकड दिसलं तर रील काढायला जवळ जाऊ नका. शरीर थंड पडलं की त्याच्यावरच्या गोचिडी खाली उतरतात आणि नवीन रक्ताची वाट बघत तिथेच थांबतात. आरोग्य केंद्राला किंवा वनखात्याला फोन करा, ते येऊन त्या जागेभोवती कीटकनाशक टाकतात.

आणि सुट्टीत गावी जाऊन मुंबई-पुण्याला परतलात आणि आठवड्याभरात सणकून ताप आला, तर तिथला डॉक्टर आधी डेंग्यूच धरणार. त्याला पहिल्यांदा हेच सांगा: काजूच्या बागेत गेलो होतो, अमुक तारखेला.