नाकाबंदी आणि परवान्याचे शस्त्र : नांदेड व लातूर

रस्त्यात पोलिसांनी वाहन थांबवले आणि आत बसलेल्या कोणाकडे परवान्याची बंदूक, रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल असले, तर त्या क्षणी कोणते नियम लागू होतात, पोलिसांना काय विचारता येते, शस्त्र बाळगणाऱ्याने काय करायचे आणि नांदेड-लातूर भागात हे प्रत्यक्षात कसे घडते, याची ही नोंद. शस्त्र अधिनियम, १९५९ (अंमल १ ऑक्टोबर १९६२ पासून), त्याची २०१९ ची दुरुस्ती आणि शस्त्र नियम, २०१६ हे या विषयाचे मुख्य आधार आहेत. त्यांच्या जोडीला मोटार वाहन अधिनियम, १९८८, महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेली भारतीय नागरिक सुरक्षा संहिता येते.

नांदेड आणि लातूर या दोन्ही जिल्ह्यांत पोलीस आयुक्तालय नाही. येथे शस्त्र परवाना देतो तो जिल्हाधिकारी, जिल्हादंडाधिकारी या नात्याने. पोलीस फक्त चौकशी अहवाल देतात. म्हणजे परवाना महसुलाच्या कचेरीतून निघतो आणि तपासला जातो तो पोलिसांच्या नाक्यावर. मुंबई-पुण्यात पोलीस आयुक्तच परवाना देतो, त्यामुळे तिथे ही फाळणी नसते. मराठवाड्यात रात्री साडेबारा वाजता लोह्याजवळ गाडी थांबली, तर परवाना खरा की खोटा हे ज्या कार्यालयाला ठाऊक, ते बंद असते. राष्ट्रीय माहितीसाठ्यात प्रत्येक परवानाधारकाला विशिष्ट ओळख क्रमांक दिलेला असतो खरा, पण नाक्यावरचा जमादार आधी हातातल्या कागदावरच भरवसा ठेवतो. म्हणून मूळ परवाना शस्त्राबरोबर असणे, हीच या साऱ्या प्रसंगातली सर्वांत मोठी गोष्ट आहे.

दोन्ही जिल्हे नांदेड परिक्षेत्राच्या विशेष पोलीस महानिरीक्षकांच्या अखत्यारीत येतात. परभणी आणि हिंगोलीही त्याच परिक्षेत्रात आहेत. तुळजापूर-औसा-लातूर-अहमदपूर-लोहा-नांदेड असा जाणारा राष्ट्रीय महामार्ग ३६१ हा या भागाचा कणा. देगलूर, बिलोली, धर्माबाद आणि किनवटकडून तेलंगणाची, तर उदगीर, देवणी आणि निलंग्याकडून कर्नाटकातील बिदरची हद्द लागते. आंतरराज्य सीमा इतकी जवळ असल्याने परवान्यावर लिहिलेले वैधता क्षेत्र इथे नुसता सोपस्कार राहत नाही. ज्याचा परवाना महाराष्ट्रापुरता आहे, त्याने कमरेला रिव्हॉल्व्हर लावून लग्नासाठी बिदर गाठले, तर तो परवान्याच्या अटीबाहेर गेला. उदगीरहून बिदर इतके जवळ, की हे लक्षातही येत नाही.

शस्त्र बाळगणारे लोक एका जातीचे नाहीत. बँकेच्या दारातला आणि कॅश व्हॅनमधला बारा बोअरवाला गनमन, निवृत्त सैनिक, गुत्तेदार, बांधकाम व्यावसायिक, आडत व्यापारी, पुढारी आणि रानडुकरांनी पीक उद्ध्वस्त केलेला शेतकरी, असे सगळे त्यात येतात. पीक राखण्यासाठी ठासणीची बंदूक किंवा संरक्षणासाठी वीस इंचांहून कमी नसलेल्या नळीची गुळगुळीत नळीची बंदूक मागणाऱ्याकडे कायदा (कलम १३) सौम्यपणे पाहतो. रिव्हॉल्व्हर-पिस्तुलासाठी मात्र सबळ कारण दाखवावे लागते. ५ एप्रिल २०२२ रोजी नांदेड शहरात एका नामवंत बांधकाम व्यावसायिकाची घरासमोर गोळ्या झाडून हत्या झाली. त्यानंतर व्यापारी वर्गात जी भीती बसली ती खोटी नव्हती. दुसऱ्या बाजूला शेजारच्या बीड जिल्ह्याचा धडा आहे. डिसेंबर २०२४ मधील मस्साजोगच्या सरपंचांच्या हत्येनंतर त्या एका जिल्ह्यात बाराशेहून अधिक शस्त्र परवाने असल्याचे समोर आले, फेरतपासणी झाली आणि अनेक परवाने रद्द करण्यात आले. तेव्हापासून मराठवाड्यातल्या नाक्यांवर ‘परवाना आहे’ हे उत्तर पूर्वीइतके पुरेसे मानले जात नाही, आणि ते योग्यच आहे.

शस्त्र झाकलेलेच हवे

अमेरिकेतील अनेक राज्यांत शस्त्र लपवून बाळगण्यासाठी वेगळा परवाना असतो. भारतात तसा वेगळा प्रकार नाही. इथे सार्वजनिक जागी झाकून बाळगणे हाच नियम आहे. शस्त्र नियम, २०१६ मधील नियम ३२ प्रमाणे रिव्हॉल्व्हर वा पिस्तूल अंगावर बांधलेल्या म्यानात किंवा तशा पिशवीत, आणि लांब बंदूक तिच्यासाठी केलेल्या आवरणात असली पाहिजे. ती पूर्ण झाकलेली असावी आणि बाळगणाऱ्याचा तिच्यावर प्रत्यक्ष ताबा असावा. शर्ट वर करून कंबर दाखवणे, सत्काराच्या फोटोत दस्ता चमकवणे, वरातीत हवेत बार काढणे हे सगळे या नियमाच्या विरुद्ध आहे. आनंदाच्या भरात केलेल्या अशा गोळीबारासाठी २०१९ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी स्वतंत्र शिक्षा ठेवली आहे.

ताब्याची अट गाडीवाल्यांनी विशेष ध्यानात घ्यावी. डॅशबोर्डच्या कप्प्यात भरलेले रिव्हॉल्व्हर ठेवून ढाब्यावर जेवायला उतरणे हा ताबा नव्हे. नाक्यावर तर हा कप्पा आणखी धोक्याचा ठरतो, कारण आरसी बुक आणि विम्याचे कागदही तिथेच असतात. कागद काढायला गेलेला हात शस्त्राजवळ जातो आणि टॉर्च मारणाऱ्या शिपायाला दिसतो तो नेमका तोच हात.

नाक्यावर

वाहतूक शाखेचा शिपाई ई-चलनाचे यंत्र घेऊन उभा असतो, तेव्हा त्याचा रोख हेल्मेट, सीटबेल्ट आणि कागदांवर असतो. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १३० प्रमाणे गणवेशातील पोलिसाने मागितल्यावर वाहन चालवण्याचा परवाना दाखवावा लागतो. रात्रीच्या नाकाबंदीत डिकी उघडली जाते, कारण तिथे गावठी कट्टा, तलवारी, गुटखा, रोकड शोधायची असते. शस्त्र अधिनियमाच्या दृष्टीने या दोन थांब्यांत फरक नाही. कलम १९ नुसार शस्त्र बाळगणाऱ्याकडे परवाना मागण्याचा अधिकार कोणत्याही पोलीस अधिकाऱ्याला आहे, त्यासाठी फौजदाराच्या हुद्द्याची अट नाही. कायद्याचा भंग होतो आहे का हे पाहण्यासाठी वाहन थांबवून झडती घेण्याचा अधिकार कलम २३ देते. कलम २० त्याहून पुढे जाते : शस्त्र बेकायदा कामासाठी नेले जात आहे असा वाजवी संशय यावा अशी परिस्थिती असेल, तर परवाना असतानाही वॉरंटविना अटक आणि जप्ती करता येते. नंबर प्लेटला चिखल फासलेला, गाडीत चार माणसे आणि त्यांचे जबाब जुळेनात, अशा वेळी परवान्याची वही एकटी उपयोगी पडत नाही.

‘माझ्याकडे शस्त्र आहे’ असे आपण होऊन सांगण्याचे बंधन मात्र शस्त्र अधिनियमाने घातलेले नाही. विचारल्यावर परवाना दाखवायचा, एवढेच तो म्हणतो. अमेरिकेत मिशिगनसारख्या राज्यांत पोलिसांनी थांबवताच शस्त्राची माहिती स्वतःहून द्यावी लागते. इतर अनेक राज्यांत विचारल्याखेरीज सांगण्याची सक्ती नाही. सांगितल्याने सर्व सुरळीत होते असेही नाही. ६ जुलै २०१६ रोजी मिनेसोटा राज्यातील फाल्कन हाइट्स येथे फिलँडो कॅस्टिल या परवानाधारक तरुणाने आपल्याकडे शस्त्र असल्याचे पोलिसाला सांगितले आणि पुढच्या काही क्षणांत त्या पोलिसाने त्याला गोळ्या घालून ठार केले. पोलिसावर खटला चालला; २०१७ मध्ये तो निर्दोष सुटला. तिथे शिकण्यासारखे आहे ते शब्दांच्या आणि हातांच्या क्रमाविषयी. आपल्याकडे वाहतुकीच्या थांब्यावर पोलीस इतक्या सहज गोळी झाडत नाहीत. तरीही न सांगता डिकीत किंवा कमरेला शस्त्र सापडले, की नाक्याचा सूर एका क्षणात बदलतो.

म्हणून या भागातील जाणत्या परवानाधारकांची रीत सांगण्याजोगी आहे. गाडी बाजूला घ्यायची, इंजिन बंद करायचे, आतला दिवा लावायचा, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवायचे. मग शांतपणे : ‘साहेब, परवान्याचं रिव्हॉल्व्हर आहे, उजव्या कमरेला. परवाना शर्टच्या खिशात आहे. काढू का?’ शस्त्राला हात लावायचा नाही. ते दाखवा असे म्हटले, तर कसे द्यायचे हे पोलिसालाच विचारायचे. परवान्यावरचा क्रमांक, बोअर आणि शस्त्रावरचा कोरलेला क्रमांक जुळतो का, मुदत संपली नाही ना, एवढी पडताळणी होते आणि गाडी सुटते. परवाना देताना जिल्हाधिकारी कार्यालयाने ही रीत लेखी सूचना म्हणून सोबत द्यावी, असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे. तिला कागद एकच लागेल आणि नाक्यावरच्या पोलिसाचाही जीव वाचेल. पोलिसांच्या बाजूनेही अपेक्षा आहे : माहिती आपण होऊन देणाऱ्याला संशयिताची वागणूक मिळाली, तर पुढच्या वेळी कोणीच सांगणार नाही.

शस्त्र एकाचे, गाडी दुसऱ्याची

सर्वांत जास्त चुका इथे होतात. परवाना व्यक्तीचा असतो. घराचा, फर्मचा किंवा गाडीचा नसतो. शेठ पुण्याला गेले आणि त्यांचे पिस्तूल गाडीत राहिले, म्हणून ड्रायव्हरला ते बाळगता येत नाही. मुलाला येत नाही, पत्नीलाही येत नाही. कलम ३ ने एक अरुंद वाट ठेवली आहे : परवानाधारकाच्या समक्ष, किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रावर, शस्त्राची दुरुस्ती, परवान्याचे नूतनीकरण किंवा धारकाच्याच वापरासाठी दुसऱ्याला शस्त्र नेता येते. तोंडी निरोप चालत नाही, आणि फोनवर ‘साहेबांशी बोला’ तर मुळीच नाही. परवान्यावर रक्षक म्हणून ज्याचे नाव चढवले आहे, त्याची गोष्ट वेगळी. खासगी सुरक्षा एजन्सीतल्या गनमननी हे तपासून घ्यावे. मालकाची बंदूक आणि आपले नाव परवान्यात नाही, अशा स्थितीत पकडला जातो तो पगारी माणूस. विनापरवाना अग्निशस्त्र बाळगण्याची शिक्षा २०१९ नंतर किमान दोन आणि कमाल पाच वर्षे कैद अशी आहे.

परवाना घरी विसरला, तर कायदा एकदम अटकेवर जात नाही. कलम १९ प्रमाणे आधी नाव-पत्ता विचारायचा, गरज वाटली तर शस्त्र जप्त करायचे. नाव सांगायला नकार दिला, खोटे सांगितल्याचा संशय आला किंवा पळून जाण्याचा बेत दिसला, तरच वॉरंटविना अटक. संपलेली मुदत हे निराळे प्रकरण. २०१९ नंतर परवाना पाच वर्षांचा झाला (आधी तीन), त्यामुळे तारीख विसरणे सोपे झाले आहे. मुदत संपल्यावर शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचे असते. ते कमरेला ठेवून फिरणारा विनापरवानाच ठरतो. अटींचा भंग झाला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि परवाना निलंबित वा रद्द होण्याची शक्यता.

शस्त्र ताब्यात घेतलेच, तर जागेवर पंचनामा व्हावा, त्यात शस्त्राचा क्रमांक व काडतुसांची संख्या यावी आणि प्रत हाती मिळावी. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ ने झडती व जप्तीचे दृकश्राव्य चित्रण बंधनकारक केले आहे. स्त्रीची अंगझडती स्त्रीनेच घ्यायची असते. शस्त्र अधिनियमाच्या कलम ३ च्या गुन्ह्यात खटला भरण्यापूर्वी जिल्हादंडाधिकाऱ्याची मंजुरी लागते.

यात्रा, मनाई आदेश, निवडणूक

परवान्याच्या अटींत जत्रा, धार्मिक मिरवणूक, सार्वजनिक सभा आणि शिक्षण संस्थेचे आवार इथे खास परवानगीशिवाय शस्त्र नेण्यास मनाई असते. नांदेड-लातूर रस्त्यावरच लोहा तालुक्यातील माळेगाव आहे, खंडोबाच्या यात्रेचे. महामार्गाने पुढे निघून जाणे वेगळे आणि गाडी लावून घोड्यांच्या बाजारात शिरणे वेगळे. त्या दिवसांतला बंदोबस्त पाहता शस्त्र घरी ठेवून निघणे बरे.

सणासुदीला महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली शस्त्रबंदी व जमावबंदीचे आदेश निघतात. सरकारच्या मंजुरीविना ते पंधरा दिवसांहून अधिक चालत नाहीत. त्यातून कोणाला सूट आहे हे आदेशात लिहिलेले असते, आणि परवानाधारकाने ते वाचलेच पाहिजे. निवडणुकीत तपासणी सर्वांत कडक होते : स्थिर सर्वेक्षण पथके आणि भरारी पथके चोवीस तास रस्त्यावर असतात. २०२४ मध्ये आचारसंहिता १६ मार्चला आणि पुन्हा १५ ऑक्टोबरला लागली. नांदेडमध्ये २६ एप्रिलला आणि लातूरमध्ये ७ मे रोजी लोकसभेचे मतदान झाले, तर २० नोव्हेंबरला विधानसभेबरोबर नांदेड लोकसभेची पोटनिवडणूकही झाली. या काळात शस्त्रे ठाण्यात जमा करण्याचे आदेश येतात. सरसकट सर्वांकडून शस्त्रे घेण्याऐवजी छाननी समितीने प्रत्येक प्रकरण पाहावे, हे मुंबई उच्च न्यायालयाने गोव्यातील २००९ च्या एका प्रकरणात सांगितले. शस्त्र जमा केल्याची पावती हीच नाक्यावर दाखवायची.

नांदेडच्या नाक्यावर कृपाणाचा प्रश्न येतो तो इतरत्र क्वचितच. तख्त सचखंड श्री हजूर साहिबमुळे शहरात शीख वस्ती आणि देशभरातले यात्रेकरू कायम असतात. संविधानाच्या अनुच्छेद २५ चे पहिले स्पष्टीकरण कृपाण धारण करणे हा शीख धर्माचरणाचा भाग मानते. त्यासाठी बंदुकीसारखा परवाना मागितला जात नाही. नांदेडचे जुने पोलीस हे जाणतात; नव्याने बदलून आलेल्यांना सांगावे लागते. २९ मार्च २०२१ रोजी करोनाकाळातील मनाईवरून होला मोहल्ल्याच्या वेळी जमावातील काहींनी तलवारींनी पोलिसांवर हल्ला केला व काही पोलीस जखमी झाले. तो गुन्हा हल्ल्याचा होता. त्यावरून प्रत्येक कृपाणधारी भाविकाला गाडीतून उतरवणे अन्यायाचे ठरेल.

परवाना निलंबित वा रद्द झाल्यास जिल्हादंडाधिकाऱ्याच्या आदेशाविरुद्ध छत्रपती संभाजीनगरच्या विभागीय आयुक्तांकडे तीस दिवसांत अपील करता येते. अपील केल्याने आदेश आपोआप थांबत नाही. आयुक्तांनी स्थगिती दिली नाही, तर निकाल लागेपर्यंत शस्त्र जमाच राहते.