वेदनेची रांग : अमेरिकेचे माजी सैनिक आणि उशिरा येणारी गोळी

१/ महिनाअखेरीस वेदनाशामक गोळ्यांची बाटली रिकामी होते आणि पुढची वेळेवर येत नाही. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या आरोग्यसेवेतली ही तक्रार केवळ टपालाच्या किंवा कारकुनाच्या दिरंगाईची नाही. अफूबाबत कधी सढळ हात, तर कधी कठोर संशय, अशा दीडशे वर्षांच्या हेलकाव्यांत तिचे मूळ आहे.

२/ अमेरिकन यादवी युद्धात (१८६१-६५) उत्तरेच्या सैन्याने सुमारे १ कोटी अफूच्या गोळ्या वाटल्या, असे सांगितले जाते. जखम, हगवण, अंगच्छेद या साऱ्यांवर हाच उतारा होता. युद्ध संपले, पण अनेकांची अफू सुटली नाही.

३/ पुढे १८९० च्या निवृत्तिवेतन कायद्याने अट घातली की, अपंगत्व स्वतःच्या 'दुर्व्यसनां'तून आलेले नसावे. जे औषध सैन्याच्या वैद्यांनी दिले, त्याचीच सवय आता सैनिकाच्या चारित्र्यावरचा डाग ठरू शकत होती.

४/ १९१४ च्या हॅरिसन कायद्याने अफूजन्य औषधांवर केंद्र सरकारचे नियंत्रण आले. १९७० च्या कायद्याने अशा औषधांच्या श्रेणी ठरवल्या. दुसऱ्या श्रेणीतील औषधाची चिठ्ठी पुन्हा वापरता येत नाही. प्रत्येक वेळी नवी लागते.

५/ मग लंबक उलट फिरला. १९९९ मध्ये माजी सैनिकांच्या आरोग्य विभागाने वेदनेला 'पाचवे जीवनचिन्ह' मानण्याची मोहीम हाती घेतली. नाडी, तापमान, श्वसन आणि रक्तदाबाबरोबर वेदनाही ० ते १० या मापाने नोंदवली जाऊ लागली. हेतू चांगला होता. उपाय मात्र बहुधा ओपिऑइड गोळ्यांचाच होता.

६/ अतिसेवनाने होणाऱ्या मृत्यूंची साथ देशभर पसरल्यावर २०१३ मध्ये विभागाने ओपिऑइड सुरक्षा उपक्रम राबवला. २०१२ ते २०२० या काळात ही औषधे घेणाऱ्या रुग्णांची संख्या निम्म्याहून खाली आली.

७/ आता २०१४ हे साल पाहावे. वसंत ऋतूत फीनिक्स येथील रुग्णालयातील छुप्या प्रतीक्षायाद्यांचे प्रकरण उघड झाले. महानिरीक्षकांनी तपासलेल्या २२६ माजी सैनिकांना पहिल्या भेटीसाठी सरासरी ११५ दिवस थांबावे लागले होते. कागदावर मात्र २४ दिवस दाखवले होते. ३० मे रोजी विभागाचे मंत्री एरिक शिन्सेकी यांनी राजीनामा दिला.

८/ ऑगस्टमध्ये दोन निर्णय झाले. एका कायद्याने ३० दिवसांहून अधिक थांबावे लागणाऱ्या किंवा ४० मैलांहून दूर राहणाऱ्या माजी सैनिकांना खासगी डॉक्टरांकडे जाण्याची मुभा दिली. त्याच महिन्यात अमली पदार्थ नियंत्रण यंत्रणेने हायड्रोकोडोनयुक्त संयुक्त औषधे दुसऱ्या श्रेणीत टाकण्याचे जाहीर केले.

९/ हा दुसरा नियम ६ ऑक्टोबरला लागू झाला. तोवर एका चिठ्ठीवर ६ महिन्यांत ५ वेळा औषध पुन्हा घेता येत असे. ती सोय संपली. डॉक्टरांची भेट मिळणे अवघड आहे हे देशाला नुकतेच कळले होते, आणि नेमक्या त्याच वेळी औषधासाठी डॉक्टरांकडे अधिक वेळा जाणे आवश्यक झाले.

१०/ वितरणाची बाजूही निराळी आहे. १९९० च्या दशकापासून विभागाने टपाली औषधकेंद्रे उभारली. आज बाह्यरुग्णांची सुमारे ८० टक्के औषधे तिथूनच जातात. एरवी ही व्यवस्था उत्तम चालते. पण २०२० च्या उन्हाळ्यात टपालसेवा मंदावली, तेव्हा औषधे उशिरा पोहोचत असल्याचे विभागालाही मान्य करावे लागले.

११/ थोडा उशीर इतका गंभीर का? दीर्घकाळ ओपिऑइड घेणाऱ्याचे शरीर त्यावर अवलंबून राहते. मात्रा चुकली की घाम, जुलाब, निद्रानाश सुरू होतो आणि मूळ वेदना उसळते. अवलंबन आणि व्यसन या भिन्न गोष्टी आहेत. पण औषधासाठी वारंवार फोन करणारा रुग्ण संशयास्पद वाटू लागतो.

१२/ २०२० मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये सुमारे १४ लाख माजी सैनिकांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ओपिऑइड सुरू केल्यावर तसेच थांबवल्यावर, पहिल्या काही महिन्यांत अतिसेवनाने किंवा आत्महत्येने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण वाढलेले आढळले. उपचार जितका दीर्घ, तितका थांबवल्यावरचा धोका मोठा. औषध अचानक बंद करू नये, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१९ मध्येच दिला होता.

१३/ या इतिहासात खलनायक शोधणे सोपे नाही. जवळपास प्रत्येक नियमामागे खऱ्या मृत्यूंची कारणे होती. पण नियम करताना एक हिशेब बहुतेक वेळा राहून गेला : नवी चिठ्ठी, नवी भेट आणि नवे पार्सल यांच्यामधले दिवस कोणी, कसे काढायचे? १८९० मध्ये संशयाचा भार सैनिकावर होता. सव्वाशे वर्षांनंतर त्यात प्रतीक्षेचाही भार पडला.