लाल दिवा

परवा शनिवारी गॅरेजमध्ये गाडी चालू केली आणि डॅशबोर्डवर ब्रेकचा लाल दिवा लागला तो विझेचना. गाडी म्हणजे माझी १९७२ सालची एमजीबी. बायकोच्या भाषेत 'तुझं ते खेळणं'. दुसऱ्या दिवशी लेकीला घेऊन डेलावेअर वॉटर गॅपच्या डोंगरात चक्कर मारायचं ठरलं होतं. पेडल दाबून पाहिलं. नेहमीपेक्षा जरासं खाली जात होतं, पण गाडी थांबत होती. म्हटलं, जुनी इंग्लिश गाडी, वायरिंगच चाळे करत असणार. वायर काढून ठेवावी, सोमवारी बघू.

वायर उपटायला बॉनेट उघडलं आणि अचानक काका आठवले.

मी नऊ वर्षांचा असेन. काकांच्या गाडीतून आम्ही सगळे पुण्याहून मुंबईला निघालो होतो. खंडाळ्याचा घाट उतरताना काकांचा पाय एकदम खाली गेला, पार फळीपर्यंत. ब्रेक नाहीच! काकांनी गिअर खाली घेतला, हँडब्रेक ओढला आणि गाडी डोंगराच्या बाजूला घासत नेली. थांबली. काकू कितीतरी वेळ काही बोलल्या नाहीत. काका खाली उतरून चाकाशी बसले. मग एवढंच म्हणाले, "आधी काही सांगितलंच नाही रे हिने."

आता कळतं, ती सांगणार तरी कशी? त्या काळातल्या बहुतेक गाड्यांसारखी तिच्या चारही चाकांना ब्रेक ऑइल पुरवणारी व्यवस्था एकच होती. पेडलवर पाय पडला की मास्टर सिलिंडरमधलं ऑइल दाबलं जातं आणि तो दाब पाइपांतून चाकांपर्यंत पोचतो. युक्ती झकास! अमेरिकेत माल्कम लॉकहीडने ती गाड्यांसाठी घडवली आणि १९२१ साली ड्यूसेनबर्गच्या चारही चाकांना ती बसली. पण त्यात एक मेख होती. एका जागी गळती झाली की चारही चाकं गेली. उरला तो हँडब्रेक, कारण तो ऑइलवर नाही, तारेवर चालतो. त्या दिवशी आम्हाला वाचवलं ते त्या तारेने.

उपाय कळायला अवघड नव्हता. मास्टर सिलिंडरचे दोन भाग करा, एक पुढच्या चाकांना, एक मागच्या. १९६२ च्या मॉडेलपासून कॅडिलॅकने ते केलं, अमेरिकन मोटर्सनेही केलं. बाकीच्यांना घाई नव्हती. मग १९६५ मध्ये राल्फ नेडरचं 'अनसेफ ॲट एनी स्पीड' आलं आणि गाड्यांच्या सुरक्षिततेवरून देशभर गदारोळ झाला. ९ सप्टेंबर १९६६ ला राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी वाहन सुरक्षेच्या कायद्यावर सही केली. १ जानेवारी १९६८ पासून अमेरिकेतल्या नव्या मोटारींना नियम लागू झाला: एक बाजू निकामी झाली तरी दुसरीने गाडी थांबली पाहिजे, आणि बिघाड झालाय हे सांगणारा दिवा चालकासमोर असला पाहिजे.

हा दिवा का हवा, हे मला फार उशिरा उमगलं. दोन व्यवस्था असल्या की एक मेली तरी गाडी थांबते, आणि म्हणूनच माणूस निवांत राहतो. दुसरी जाईपर्यंत! म्हणजे सुरक्षिततेनेच निर्माण केलेली गाफिली मोडायला तो दिवा आहे. आणि मी नेमकी त्याचीच वायर उपटायला निघालो होतो.

मग नीट बसलो. माझ्या गाडीत पितळेचा एक छोटा ठोकळा आहे. त्यात एका बाजूला पुढच्या चाकांचा दाब, दुसऱ्या बाजूला मागच्या, आणि मध्ये सरकता पिस्टन. एकीकडचा दाब पडला की पिस्टन तिकडे सरकतो आणि वरच्या स्विचने दिवा लागतो. स्विचची वायर काढली, दिवा विझला. म्हणजे वायरिंग निर्दोष. स्विच उघडून पाहिला, कोरडा. म्हणजे ठोकळ्याची सीलंही ठीक. पिस्टन मात्र खरोखर मागच्या बाजूला सरकलेला. दिवा खरंच बोलत होता.

मागचा डावा ड्रम काढला, आणि आत सगळं ओलं. चाकाच्या सिलिंडरचं रबर गेलेलं, लायनर ऑइलने माखलेले. चूक माझीच. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, ते दर दोन वर्षांनी बदलायचं असतं, आणि मी पाच वर्षं फक्त गाडी पुसत होतो.

नवं सिलिंडर, नवे लायनर, नवं ऑइल. मागची हवा काढली. मग पुढच्या चाकाचा निपल सैल करून लेकीला पेडल हळूहळू दाबायला सांगितलं. स्विचच्या भोकातून पिस्टनची खाच बरोबर मध्ये आलेली दिसली. निपल घट्ट केला, स्विच बसवला, वायर जोडली. दिवा विझला.

या सगळ्यात डोंगराची चक्कर दोन आठवडे पुढे गेली. जाण्याआधी लेकीने विचारलं, "बाबा, दिवा गेला, पण बल्बच उडाला असेल तर?" तिला डॅशबोर्डवरचं बटण दाखवलं. ते दाबलं की दिवा लागतो, नुसता जिवंत आहे हे सांगायला. तिने दोनदा दाबून पाहिलं आणि मगच पट्टा बांधला.

काका असते तर त्यांनी तिसऱ्यांदा दाबलं असतं.