कणगीतला कडुनिंब आणि म्यूनिकचा निकाल (थ्रेड)

मार्च २००५. जर्मनीतील म्यूनिक शहरी युरोपीय पेटंट कार्यालयाच्या अपील मंडळाने कडुनिंबाच्या तेलासंबंधीचे एक पेटंट रद्दच राहील असा अंतिम निर्णय दिला. पेटंटधारक होते अमेरिकेचे कृषी खाते आणि डब्ल्यू. आर. ग्रेस ही कंपनी. महाराष्ट्रात ज्या झाडाचा पाला धान्यात घालण्याची जुनी रीत, त्याचा वाद म्यूनिकपर्यंत कसा पोहोचला?

आरंभ कणगीपासून करायला हवा. बांबूची विणलेली, शेणामातीने लिंपलेली कणगी. धान्य कडक उन्हात वाळवायचे, भरताना थरांमध्ये कडुनिंबाचा सुकवलेला पाला पसरायचा. कुठे राख, कुठे बिब्बे. कडधान्याला एरंडेल तेल चोळायचे. ही शेवटची युक्ती विशेष दाद देण्याजोगी आहे. कडधान्यातील भुंगेरा दाण्याच्या पृष्ठभागावर अंडी घालतो आणि तेलाचा पातळ थर त्या अंड्यांचा श्वास कोंडतो. हे ज्ञान बहुतांशी घरातील स्त्रियांकडे होते आणि जवळजवळ सर्वस्वी तोंडी होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी आणि त्याच्या पाठोपाठ इतर रसायने आली. पाला मागे पडला तो केवळ नव्याच्या मोहाने, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. हजारो पोत्यांच्या गोदामाला पाला कुठवर पुरणार?

मात्र या सोयीची किंमत लवकरच दिसली. १९५८ साली केरळात पॅराथिऑन या कीटकनाशकाने दूषित झालेल्या पिठाचे पदार्थ खाऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. जहाजातून येताना अन्न आणि विष शेजारी-शेजारी ठेवले गेले होते. १९६८ च्या कीटकनाशक कायद्यामागे ही दुर्घटना आहे.

त्याच काळात दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत कडुनिंबाकडे नव्याने पाहिले जात होते. १९६२ मध्ये टोळधाड आली तेव्हा निंबोळीतील गराचे अत्यंत सौम्य द्रावण फवारलेल्या पिकांवर टोळ उतरले, पण त्यांनी पीक खाल्ले नाही. १९६५ मध्ये जोतवानी आणि सरकार या संशोधकांनी साठवणीतील गव्हावरचे निष्कर्ष प्रसिद्ध केले: शंभर भाग गव्हात एक-दोन भाग निंबोळी गराची पूड मिसळल्यास किडीनुसार सुमारे नऊ महिने ते वर्षभर संरक्षण मिळते. अर्थात पूड कडू. त्यामुळे ती बियाण्याला सोयीची, खाण्याच्या धान्याला तितकी नव्हे. पुढे १९६८ मध्ये इंग्लंडमधील कील विद्यापीठात ॲझाडिरॅक्टिन हा निंबोळीतील प्रमुख घटक वेगळा करण्यात आला. तो उन्हात लवकर विघटित होतो. शेतात हा मोठा दोष. अंधाऱ्या कणगीत मात्र त्याची बाधा नाही.

आता पेटंट. ‘अमेरिकेने कडुनिंबच पेटंट केला’ असे सर्रास लिहिले जाते, ते खरे नाही. १९९४ मध्ये युरोपात मंजूर झालेले हे पेटंट कडुनिंबाच्या तेलाने वनस्पतींवरील बुरशी रोखण्याच्या पद्धतीचे होते. साठवणीचा त्यात संबंध नव्हता. वंदना शिवा, युरोपीय संसदेतील हरित गटाच्या माग्दा आल्व्होट आणि सेंद्रिय शेतीची एक आंतरराष्ट्रीय संघटना यांनी त्याला आव्हान दिले. परंपरा आहे एवढे सांगून भागणारे नव्हते. पेटंटच्या अर्जापूर्वी हा वापर उघडपणे झाला होता, हे दाखवणे भाग होते. तेथे उपयोगी पडली ती एका भारतीय उद्योजकाची साक्ष. त्याने १९८५ आणि १९८६ च्या उन्हाळ्यात पुणे व सांगली जिल्ह्यांतील शेतांवर अशा तेलाच्या चाचण्या घेतल्या होत्या. २००० मध्ये पेटंट रद्द झाले. २००५ मध्ये अपीलही फेटाळले गेले.

युरोपात तोंडी साक्षीने सिद्ध झालेला उघड वापरही ग्राह्य धरला जातो. अमेरिकेचा कायदा त्या काळी निराळा होता. परदेशात एखादी गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या वापरात असली, तरी ती छापील स्वरूपात किंवा पेटंटमध्ये नोंदलेली नसेल, तर पूर्वज्ञान म्हणून तिची गणना होत नसे. हा नियम २०१३ मध्ये बदलला.